अडेनियमची पाने रात्रीतून नाहीशी होतात, पण कीड दिसत नाही

खिडकीतली बाग (पुणे):
नमस्कार. आमच्या बैठकीच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीशी अडेनियम, बुटकी तगर, मनीप्लांट आणि स्नेक प्लांट यांच्या कुंड्या शेजारी शेजारी आहेत. काही दिवसांपासून अडेनियमची पाने कडेने कुरतडली जात असून बऱ्याच पानांची केवळ मधली शीर उरली आहे. दिवसा पाने उलटून पाहिली, तरी काही सापडत नाही. घरात लहान मूल असल्यामुळे कीड ओळखल्याशिवाय फवारणी करायची नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

कुंडीतले रान:
मावा, पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी हे रस शोषतात. त्यांच्यामुळे पान चिकट, पिवळे किंवा ठिपकेदार होते, पण त्याचा तुकडा जात नाही. तुमच्याकडे चावून खाणारी कीड आहे. गोगलगाय असेल, तर कुंडीच्या काठावर वाळलेली चकाकती रेघ दिसेल. अळी असेल, तर पानांखालच्या मातीवर लेंड्या पडलेल्या असतील. शिवाय कोणत्या झाडाला धक्काही लागलेला नाही, हे आवर्जून सांगावे, कारण ओळख बहुधा तिथूनच पटते.

खिडकीतली बाग:
रेघ कुठेही नाही. मातीवर मिरीएवढ्या, गडद आणि खाचा असलेल्या लेंड्या आहेत. तगरीचे शेंडेही खाल्लेले आहेत. मनीप्लांट आणि स्नेक प्लांट मात्र पूर्ण शाबूत आहेत.

पतंगनिरीक्षक (ठाणे):
मग ही बहुधा ओलिअँडर हॉक मॉथ या पतंगाची अळी असावी. अडेनियम, तगर आणि कण्हेर ही तिन्ही चिकाची झाडे एकाच कुळातली आहेत आणि ही अळी मुख्यतः त्याच कुळावर वाढते. मोठी झालेली अळी बोटाएवढी असूनही पानाच्याच हिरव्या रंगाची असल्यामुळे नजरेतून सुटते. डोक्यामागे निळ्या डोळ्यांसारखे दोन ठिपके, दोन्ही बाजूंना पांढऱ्या ठिपक्यांची रेघ आणि शेपटीकडे लहानसे शिंग, या तिच्या खुणा आहेत. लेंड्या जिथे पडल्या आहेत, त्याच्या बरोबर वरच्या फांद्या रात्री विजेरीने खालच्या बाजूने पाहाव्यात.

एवढ्या मोठ्या अळीसाठी फवारणीची मुळीच गरज नाही. फांदीसह उचलून तिला बाहेरच्या कण्हेरीवर किंवा तगरीवर सोडता येते. अळी चावत किंवा डंख मारत नाही. अडेनियमचा चीक मात्र विषारी असतो, त्यामुळे हातमोजे घालावेत आणि कुंडी मुलाच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवावी.

खिडकीतली बाग:
तगरीच्या खोडालगत सापडली! निळे ठिपके अगदी स्पष्ट आहेत, पण पाठ तपकिरी पडली आहे आणि ती खाली उतरू पाहते आहे. आजारी असेल का?

पतंगनिरीक्षक:
नाही, ती कोषात जाण्याच्या तयारीत आहे. आता ती पाने खाणार नाही. तिला बाहेर झाडाखालच्या वाळक्या पाचोळ्यात ठेवावे, म्हणजे ती तिथे कोष करेल. तगरीवर आणखी लहान अळ्या आहेत का, तेही पाहावे. मादी एकेक अंडे वेगवेगळ्या पानांवर घालते.

कुंडीतले रान:
अडेनियमची चिंता नको, कारण त्याच्या जाड खोडात पाणी साठलेले असते. नवी पालवी येईपर्यंत पाणी कमी द्यावे. पाने नसताना भरपूर पाणी घातल्यास खोड कुजते, आणि ते नुकसान अळीने केलेल्या नुकसानीपेक्षा कितीतरी मोठे असते.