सतरा वर्षांच्या मुलाच्या छातीची शस्त्रक्रिया: हौस की उपचार?

वारणाकाठ

नमस्कार. प्लास्टिक सर्जरीच्या क्षेत्रातील सदस्यांचा सल्ला हवा आहे.

माझा मुलगा 17 वर्षांचा असून बारावीत शिकतो. तो नववीत असताना त्याच्या छातीवर दोन्ही बाजूंना उभार दिसू लागला आणि तो पुढे कमी झालाच नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी याला गायनेकोमॅस्टिया म्हणतात, वयात येताना असे होते आणि आपोआप जाते, असे सांगून धीर दिला होता. मधल्या काळात मुलाने विहिरीवर पोहायला जाणे सोडले, ऐन मे महिन्यातही तो शर्टाच्या आत घट्ट बनियन घालतो, आणि वसतिगृहात सर्वांसमोर कपडे बदलावे लागतील या धास्तीने इंजिनिअरिंगसाठी बाहेरगावी जायलाच नको म्हणू लागला आहे. हे कारण त्याने आईला सांगितले, मला नाही.

अलीकडेच आम्ही त्याला एका मोठ्या शहरातील कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये नेले. तेथील समुपदेशक बाईंनी बराच वेळ पॅकेज समजावून सांगितले: 85 हजार रुपये, हप्त्यांची सोय, सकाळी दाखल होऊन संध्याकाळी घरी, आणि व्रण अजिबात राहणार नाही. डॉक्टर मात्र जेमतेम पाच मिनिटे भेटले आणि रक्ताच्या कोणत्याही तपासणीचा विषय निघाला नाही. आमचा आरोग्य विमा आहे हे कळल्यावर, ‘छातीतील गाठ काढली’ असे कागदावर दाखवून दावा मंजूर करून घेता येईल, असेही सुचवण्यात आले. तेव्हापासून मन साशंक आहे. ही शस्त्रक्रिया आवश्यक आहे का, या वयात करावी का, आणि करायची झाल्यास डॉक्टर कसा निवडावा, हे कृपया सांगावे.

रोखठोक

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आपल्या पिढीतही अशी मुले होती. चार दिवस चिडवाचिडवी व्हायची आणि विषय संपायचा. आता समाजमाध्यमांवरची पिळदार शरीरे पाहून मुलांना स्वतःच्या शरीराची लाज वाटू लागली आहे आणि त्या लाजेवर दुकाने चालली आहेत. धडधाकट मुलाला भूल देऊन टेबलावर झोपवण्याआधी त्याला रोज सकाळी पळायला पाठवा, तळलेले बंद करा आणि वर्षभर वाट पाहा. ज्याला सौंदर्याची हौस आहे त्याने पैसे उडवावेत. त्याला आरोग्यसेवा म्हणू नये, इतकेच.

बारीक टाका

मी प्लास्टिक सर्जन आहे. सरकारी रुग्णालयात आणि नंतर खासगी व्यवसायात काम केले आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, त्यामुळे पुढील मजकूर सर्वसाधारण माहिती म्हणूनच वाचावा.

वारणाकाठ, आपल्या फॅमिली डॉक्टरांनी सांगितले ते त्या वेळी योग्यच होते. वयात येणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलांमध्ये कमीअधिक प्रमाणात हा उभार येतो, कारण त्या काळात शरीरातील पुरुषी आणि स्त्रैण संप्रेरकांचे प्रमाण काही काळ डळमळीत असते, आणि बहुतेकांमध्ये तो वर्ष-दोन वर्षांत ओसरतो. मात्र जी ग्रंथी त्यापलीकडे टिकून राहते, ती हळूहळू तंतुमय आणि घट्ट होत जाते. मग तिच्यावर गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि व्यायामाचाही नाही. रोखठोक यांचा सल्ला ज्याच्या छातीवर केवळ चरबी आहे त्याच्या बाबतीत बरोबर ठरेल, आणि अशा मुलाला मीही शस्त्रक्रियेऐवजी आधी वजन कमी करायला सांगतो. स्तनाग्राच्या मागे रबरी चकतीसारखा कठीण भाग हाताला लागत असेल, तर मात्र मुलगा कितीही पळाला तरी ती चकती जागेवरच राहते. उलट आजूबाजूची चरबी उतरल्यामुळे ती अधिक उठून दिसते, आणि पळूनही फरक पडत नाही म्हणून तो मुलगा स्वतःलाच दोष देऊ लागतो.

आता त्या क्लिनिकमध्ये जे घडले नाही त्याबद्दल, कारण मला खरी काळजी त्याची वाटते. गायनेकोमॅस्टिया हे कधीकधी दुसऱ्या आजाराचे लक्षण असते. यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे विकार, थायरॉइडची अतिक्रियाशीलता, क्लाइनफेल्टर सिंड्रोम नावाचा गुणसूत्रातील दोष, आणि क्वचित अंडकोषातील गाठ, यांपैकी कशामुळेही छातीवर उभार येऊ शकतो. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी मुलाचे अंडकोष डॉक्टरांनी हाताने तपासलेले असले पाहिजेत (मुले याला लाजतात आणि घाईतले डॉक्टर तेवढ्यावर ते टाळतात), आणि टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडिओल, एलएच, प्रोलॅक्टिन ही संप्रेरके, तसेच थायरॉइड, यकृत व मूत्रपिंड यांच्या तपासण्यांपैकी गरजेच्या त्या झालेल्या असल्या पाहिजेत. घेतलेल्या औषधांचीही चौकशी हवी. स्पायरोनोलॅक्टोन, किटोकोनॅझोल, फिनास्टराइड ही त्यातली माहीत असलेली नावे, पण या वयात मी सर्वांत आधी व्यायामशाळेबद्दल विचारतो. तेथे कोणी ‘ताकदीचे इंजेक्शन’ दिले असेल तर ते बहुधा अॅनाबॉलिक स्टेरॉइड, म्हणजे स्नायू वाढवणारे संप्रेरकासारखे औषध, असते, आणि ते चालू असताना केलेली शस्त्रक्रिया फुकट जाऊ शकते. पाच मिनिटांत यातले काहीही होत नाही.

शस्त्रक्रियेत सलाइन, अॅड्रिनॅलिन आणि भुलीचे औषध यांचे मिश्रण त्वचेखाली भरून लायपोसक्शनने, म्हणजे बारीक नळीने ओढून, चरबी काढली जाते, आणि स्तनाग्राभोवतीच्या गडद भागाच्या खालच्या कडेला छोटा छेद देऊन ग्रंथी काढली जाते. काढलेली ग्रंथी तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवावी. तो छेद त्या कडेत बऱ्यापैकी लपतो, पण व्रण राहतच नाही असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत म्हणजे आत रक्त साचणे. तसे झाल्यास त्याच रात्री पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागू शकते. म्हणून ‘संध्याकाळी घरी’ हे ऐकल्यावर विचारायचा प्रश्न असा की, रात्री दोन वाजता छाती फुगली तर फोन कोण उचलणार आणि रुग्णाला कुठे घेणार? याखेरीज स्तनाग्राची संवेदना कमी होणे, किंवा ग्रंथी अति काढल्याने तेथे खळगा पडणे, हेही घडते. हा खळगा दुरुस्त करणे मूळ शस्त्रक्रियेपेक्षा अवघड असते, आणि अशी दुरुस्तीची कामे आमच्याकडे पुष्कळ येतात.

डॉक्टरांची पात्रता एम.एस. नंतरची एम.सी.एच. किंवा तिच्याशी समकक्ष प्लास्टिक सर्जरीतील पदवी, अशी पाहावी. एम.बी.बी.एस. नंतर ती मिळवायला साधारणतः सहा वर्षे लागतात. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीत नाव आणि पात्रता पडताळता येते. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ या पाटीमागे काहीही असू शकते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये सौंदर्यविषयक प्रक्रिया आणि केशरोपण यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणे हे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे लिहिण्याची वेळ आयोगावर आली. यावरून बाजाराची कल्पना यावी. भूलतज्ज्ञ कोण, ते पूर्ण वेळ उपस्थित राहणार का, आणि जेथे शस्त्रक्रिया होणार ते नोंदणीकृत रुग्णालय आहे का, हेही विचारावे. हे विचारल्यावर जो डॉक्टर नाराज होतो, तेथून उठून यावे.

उत्तररंग

मी ही शस्त्रक्रिया विशीत करून घेतली, त्यामुळे रुग्णाच्या बाजूने थोडे लिहितो. पहिला आठवडा दुखण्यापेक्षा अवघडलेपणाचा होता. त्यानंतर कित्येक आठवडे दिवसरात्र घट्ट दाबपट्टीचे जॅकेट घालावे लागते आणि उन्हाळ्यात त्याखाली घामोळ्या उठतात, हे आधी कोणी सांगितले नव्हते. शस्त्रक्रिया दिवाळीनंतर ठेवल्यास बरे. एका बाजूच्या स्तनाग्राची संवेदना परत यायला बरेच महिने लागले. दोन्ही बाजू आजही तंतोतंत सारख्या नाहीत, पण ते मला सोडून कोणाच्या लक्षात येत नाही.

रोखठोक, आपण ‘चार दिवस चिडवाचिडवी’ म्हणता. मला ज्या नावाने हाक मारली जायची, ते मी येथे लिहू शकत नाही. ते कॉलेजच्या शेवटच्या वर्षापर्यंत टिकले आणि हाक मारणाऱ्यांत एक शिक्षकही होते.

कागदोपत्री

मी आरोग्य विम्याचे दावे तपासण्याच्या कामात आहे, म्हणून फक्त त्या मुद्द्यावर. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांमध्ये सौंदर्यविषयक किंवा प्लास्टिक सर्जरीचा खर्च वगळलेला आहे. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, आणि विमाधारकाच्या आरोग्याला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेला उपचार, एवढ्याच सवलती त्यात आहेत, आणि ती आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित करावी लागते. गायनेकोमॅस्टियाचा दावा बहुतेक वेळा येथेच अडकतो.

‘गाठ काढली’ असे लिहून दावा करणे ही सरळ फसवणूक आहे. सोनोग्राफी, शस्त्रक्रियेची नोंद आणि प्रयोगशाळेचा अहवाल हे तिन्ही कागद एकमेकांशी जुळवून पाहिले जातात आणि प्रयोगशाळेच्या अहवालात स्तनग्रंथीची ऊती असे स्पष्ट येते. दावा तर जातोच, पण पॉलिसीही रद्द होऊ शकते. पाच वर्षांनंतर विमा कंपनी जुन्या गोष्टी उकरू शकत नाही हे संरक्षणही फसवणुकीला लागू नाही. एका मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी आजीआजोबांसह सगळ्या कुटुंबाचे विमाछत्र धोक्यात घालू नये. प्रामाणिकपणे पूर्वपरवानगी मागावी, नकार आल्यास लेखी कारण घ्यावे. विमा लोकपालाकडे जाण्याचा मार्ग त्यानंतर खुला राहतो.

जाता जाता कराचा मुद्दा. आरोग्यसेवा वस्तू व सेवा करातून मुक्त आहे, मात्र केशरोपण आणि सौंदर्यविषयक वा प्लास्टिक सर्जरी त्या व्याख्येतून वगळून त्यावर कर आहे. जन्मजात दोष, वाढीतील विकृती, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीररचना वा कार्य पूर्ववत करणारी शस्त्रक्रिया मात्र करमुक्त आहे. पॅकेजच्या रकमेत कर धरला आहे का, आणि धरला असल्यास कोणत्या आधारावर, हे जरूर विचारावे.

वारणाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलाला व्यायामशाळेबद्दल विचारले. तो जातच नाही, लोकांसमोर बनियनवर यायचे नाही म्हणून. फॅमिली डॉक्टरांना भेटून तपासण्यांची चिठ्ठी घेतली आहे. दोन शंका उरतात. सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया होते का, की तेथे ‘हौसेची कामे करत नाही’ असे ऐकावे लागेल? आणि सुट्टीतच उरकावी, की अजून थांबावे?

बारीक टाका

होते. पुण्याचे ससून, मुंबईची जे.जे., के.ई.एम., सायन, नायर, नागपूरचे शासकीय महाविद्यालय, येथे प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत आणि गायनेकोमॅस्टिया हे तेथील नेहमीचे काम आहे. अडचण प्रतीक्षेची आहे. त्याच टेबलावर जळीत रुग्णाची आखडलेली मान सोडवायची असते, यंत्रात गेलेला हात जोडायचा असतो, दुभंगलेल्या ओठाचे बाळ असते, आणि त्यांचा नंबर आधी लागणे योग्यच आहे. आपल्या मुलाची तारीख पुढे ढकलली गेली तर तो त्याचा अपमान नव्हे, एवढे त्याला आधीच समजावून ठेवावे.

हौस आणि उपचार यांतील रेघेबद्दल मला रोखठोक यांच्याशी थोडा वाद घालायचा आहे. आमच्या क्षेत्रातील डॉ. नोशीर अँटिया हे इंग्लंडमध्ये आधुनिक प्लास्टिक सर्जरीचे जनक मानले जाणारे हेरॉल्ड गिलीज यांच्याकडे शिकून आले आणि येथे त्यांनी कुष्ठरुग्णांची बसलेली नाके व गळलेल्या भुवया पुन्हा घडवण्याचे काम हाती घेतले. भुवईवाचून कोणाचे प्राण जात नाहीत. पण जंतू मेल्यानंतरही चेहरा रोगाची साक्ष देत राहिला, तर त्या माणसाला गावात परत घेत नसत. त्या भुवईला आपण हौस म्हणणार का? वारणाकाठ यांचा मुलगा या दिसण्यापायी शिक्षणच सोडायला निघाला आहे, म्हणून मी त्याला उपचाराच्या बाजूला धरतो. याच न्यायाने, लग्नाच्या फोटोसाठी नाक अर्धा सेंटीमीटर कमी करा म्हणणाऱ्या सुदृढ माणसाला मी बहुतेकदा परत पाठवतो, आणि तो दुसरीकडे जाऊन करून घेतो हेही मला ठाऊक आहे.

पुढे हेच डॉ. अँटिया रुग्णालयाबाहेर पडून रायगडमधील मांडवा परिसरात गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याच्या कामात रमले, कारण बहुतेक आजारांना सर्जनची गरजच नसते असे त्यांचे मत झाले होते. या धाग्यालाही ते लागू पडते. नववीतल्या मुलाला ‘हे अनेकांना होते, एवढे दिवस थांब, नाहीच गेले तर ये’ असे शाळेत किंवा आरोग्य केंद्रात कोणी नीट सांगितले असते, तर मधली वर्षे त्याने एकट्याने काढली नसती. किशोरवयीनांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2014 पासून आहे, पण माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी त्यामार्फत आलेला मुलगा मला आठवत नाही.

वेळेबद्दल: तपासण्या निर्दोष आल्या आणि ग्रंथीचा आकार गेले वर्षभर स्थिर असेल, तर वयाची अठरा वर्षे पूर्ण होऊ द्यावीत, म्हणजे संमतीपत्रावर त्याची स्वतःची सही असेल. परीक्षेनंतर आणि प्रवेशाआधी मिळणारा काळ पुरेसा आहे, उकाडा मात्र सोसावा लागेल. सल्ल्याला जाताना मुलाला डॉक्टरांशी काही वेळ एकट्याने बोलू द्यावे. वडिलांसमोर ही मुले ‘मला काही त्रास नाही’ असेच सांगतात. तपासणीत एकाच बाजूला वाढ, खडेदार कडक गाठ, स्तनाग्रातून स्राव किंवा अंडकोषात काही वेगळे आढळले, तर मात्र परीक्षेची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवावे.