उद्यम सर्टिफिकेट असून ईएमडी मागितली आणि टेंडरमधून बाहेर काढलं, नेमकं चुकलं कुठं?

सोलापूरची_शिलाई

नमस्कार मंडळी. आमचं सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत शिवणकामाचं युनिट आहे, १४ मशिनी आणि १९ बायका कामाला. शाळेचे युनिफॉर्म आणि हॉस्पिटलचे एप्रन हे मुख्य काम. शाळेचा सिझन संपला की निम्म्या मशिनींवर कापड झाकून ठेवावं लागतं आणि बायकांना उद्या या, परवा या असं सांगताना जीवावर येतं, म्हणून यंदा ठरवलं की सरकारी टेंडर भरायचंच.

जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर केंद्र सरकारच्या एका हॉस्पिटलचं ४,००० एप्रनचं बिड म्हणजे टेंडर निघालं होतं, ईएमडी म्हणजे टेंडरसोबत भरायची अनामत ८० हजार. सगळे सांगत होते की लघुउद्योगाला ईएमडी माफ असते, उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे लघुउद्योगाच्या नोंदणीचा सरकारी दाखला, जोडलं की झालं. म्हणून जोडलं. टेक्निकल बिड, म्हणजे रेटच्या आधीची कागदांची तपासणी, उघडलं तेव्हा आम्ही बाहेर, कारण लिहिलं होतं की एमएसई म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगाची सवलत लागू होत नाही आणि ईएमडी भरलेली नाही. सॅम्पल इतकं मन लावून शिवलं होतं, ते कुणी हातात पण घेतलं नाही.

सरकार म्हणतंय २५ टक्के खरेदी छोट्यांकडून, बायकांना ३ टक्के वेगळे, मग हे नुसतं जाहिरातीपुरतंच आहे का? की आमचंच काही चुकलं? ज्यांनी खरंच पुरवठा केलाय त्यांनी सांगा प्लीज.

निवृत्त_स्टोअर्सवाला

ताई, मी एका केंद्र सरकारी कंपनीच्या खरेदी विभागात ३१ वर्षं काढली, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. नियम जाहिरातीपुरता नाही. छोट्या उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा २००६ च्या कलम ११ खाली २३ मार्च २०१२ ला आदेश निघाला, १ एप्रिल २०१२ पासून लागू, आणि १ एप्रिल २०१५ पासून २० टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करणं केंद्राच्या मंत्रालयांना आणि सरकारी कंपन्यांना सक्तीचं झालं. नोव्हेंबर २०१८ च्या दुरुस्तीने ते २५ झालं, त्यातच ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांचे आणि ३ टक्के महिलांचे. टेंडर फॉर्म फुकट आणि ईएमडी माफ, हे त्याच आदेशात आहे.

पण आधी एक काम करा. तुमचं उद्यम सर्टिफिकेट उघडा आणि त्यात मेजर ॲक्टिव्हिटी अशी एक ओळ असते तिथं काय छापलंय ते जसंच्या तसं इथं लिहा. खालच्या टेबलात एनआयसी कोड म्हणजे व्यवसायाच्या प्रकाराचे नंबर असतील, ते पण द्या. बाकीचं नंतर बोलू.

सोलापूरची_शिलाई

सर, आत्ता बघितलं. मेजर ॲक्टिव्हिटी ट्रेडिंग लिहिलंय!! आणि कोडच्या टेबलात कपड्यांची किरकोळ विक्री. आम्ही तर एक बटणसुद्धा बाहेरून तयार आणून विकत नाही हो, म्हणजे बटण आणतो पण कपडा सगळा इथंच कापून इथंच शिवतो. २०२१ मधे एका सायबर कॅफेवाल्याकडून काढलं होतं, त्यानं १,५०० घेतले होते. चार वर्षं फाईलला लावलेलं आहे, कधी नीट वाचलंच नाही.

निवृत्त_स्टोअर्सवाला

मला तोच संशय होता. माझ्यासमोर अशा किती फाईली आल्या असतील सांगता येत नाही आणि प्रत्येक वेळी वाईट वाटायचं, कारण माणूस खरा कारखानदार असायचा, हाताला मशीनचं तेल लागलेलं, आणि कागद म्हणायचा व्यापारी.

काय झालं ते नीट सांगतो. जुलै २०२१ मधे किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना पण उद्यम नोंदणी खुली केली, पण त्यांना फायदा फक्त बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जाचा. सरकारी खरेदीतली सवलत माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, माल घेऊन विकणाऱ्याला नाही. जेमच्या बिडमधे पण स्पष्ट छापलेलं असतं की खरेदीतलं प्राधान्य हवं असेल तर देऊ केलेल्या मालाचा उत्पादक तुम्हीच असला पाहिजे. म्हणजे त्या हॉस्पिटलच्या कमिटीने तुमचा कागद वाचला आणि कागदाप्रमाणे वागली. त्यांच्यावर राग धरू नका. तुमच्यावर अन्याय झाला तो कॅफेच्या काउंटरवर झाला.

आता दुरुस्ती. उद्यमची नोंदणी, बदल, सगळं फुकट आहे, कुणाला एक रुपया देऊ नका. पोर्टलवर अपडेटमधे जाऊन उत्पादन निवडा आणि कपडे बनवण्याचा कोड १४१०१ टाका. तुम्ही दुकानातून विकत पण असाल तरच ट्रेडिंगचा कोड ठेवा, नाहीतर काढून टाका. आणि सर्टिफिकेटवर मोबाईल नंबर कुणाचा आहे तेही बघून घ्या, पुष्कळदा कॅफेवाले स्वतःचाच नंबर घालतात आणि मग ओटीपी त्यांच्याकडे जातो. तसं असेल तर ईमेलवर ओटीपी मागवता येतो, तोही त्यांचाच असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात जा.

भोसरी_जॉबवर्क

ताई मधेच बोलतो, पण सर्टिफिकेट दुरुस्त केलं की पैसे मिळाले असं समजू नका म्हणून माझा अनुभव सांगतो. ईएमडी माफ असते पण ऑर्डर लागल्यावर परफॉर्मन्स सिक्युरिटी, म्हणजे काम नीट पूर्ण करू याची हमी रक्कम, द्यावीच लागते, ती एमएसईला माफ नाही. साधारण ३ ते ५ टक्के, म्हणजे १६ लाखाच्या ऑर्डरला ८० हजारापर्यंत. मला पहिल्या ऑर्डरला बँकेनं गॅरंटीसाठी जवळजवळ सगळ्या रकमेची एफडी मागितली होती, कारण लिमिट नव्हती, आणि त्याच आठवड्यात मटेरियल उचलायचं होतं. बायकोच्या नावावरची एफडी तारण ठेवली तेव्हा काम सुरू झालं. तेव्हा बिड भरायच्या आधी बँकेत जाऊन या, ऑर्डर आल्यावर नको.

दुसरं म्हणजे पेमेंट. जेमवर कागदावर छान आहे, माल पोचला की कन्साइनीने, म्हणजे माल घेणाऱ्याने, १० दिवसांत स्वीकृतीचं सर्टिफिकेट द्यायचं आणि त्यानंतर १० दिवसांत पैसे. मी एका सरकारी युनिटला जेमच्या बाहेर, साध्या परचेस ऑर्डरवर ब्रॅकेट दिले होते. माल ॲक्सेप्ट झाला, वापरला पण, आणि बिल सात महिने या टेबलावरून त्या टेबलावर. फोन केला की साहेब मीटिंगमधे. शेवटी एका मित्राने सांगितलं म्हणून लघुउद्योगांच्या थकलेल्या पैशांच्या तक्रारीसाठीच्या समाधान पोर्टलवर अर्ज टाकला, उद्यम नंबर, परचेस ऑर्डर, चलन, इन्व्हॉइस सगळं जोडून. कायद्यात ४५ दिवसांच्या वर करार करताच येत नाही, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, ते पण महिन्याला चक्रवाढ. अर्जाची नोटीस गेली आणि तीन आठवड्यांत मुद्दल खात्यात आलं. व्याज मी सोडून दिलं, कारण पुढच्या ऑर्डरी तिथूनच हव्या होत्या. चूक केली की बरोबर अजून कळत नाही, पण त्या महिन्याचा पगार मी कर्ज काढून केला होता हे विसरता येत नाही.

रत्नागिरीचा_ठेकेदार

उद्यममधे माझी नोंद सर्व्हिसेस म्हणून आहे, छोटी बांधकामाची कामं करतो. हे २५ टक्के आणि ईएमडी माफी मला रस्त्याच्या किंवा बिल्डिंग रिपेअरच्या टेंडरला मिळेल का? दोन ठिकाणी विचारलं, दोघांनी वेगवेगळं सांगितलं. आणि जिल्हा परिषदेच्या कामाला हे चालतं का?

निवृत्त_स्टोअर्सवाला

दादा, तुमच्यासाठी बातमी चांगली नाही. हे धोरण वस्तू आणि सेवांच्या खरेदीला आहे, बांधकामाच्या ठेक्यांना लागू नाही असं एमएसएमई मंत्रालयानेच सांगितलेलं आहे. एखाद्या खात्याने टेंडरमधे स्वतःहून सवलत लिहिली असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून प्रत्येक टेंडर वाचा. आणि जिल्हा परिषद, नगरपालिका, राज्याची खाती ही केंद्राच्या आदेशात येत नाहीत. महाराष्ट्रात राज्याच्या वस्तू खरेदीसाठी उद्योग विभागाचा १ डिसेंबर २०१६ चा जीआर आहे, खरेदीची नियमपुस्तिका म्हणतात ती, महाटेंडर्स या राज्याच्या पोर्टलवरचं वस्तूंचं टेंडर भरताना ती शेजारी ठेवा. लोक केंद्राचं पत्रक घेऊन झेडपीत भांडतात आणि रिकाम्या हाताने परत येतात, हे मी पाहिलंय.

भोसरीवाले भाऊ, तुम्ही लिहिलंत ते सोन्यासारखं आहे. त्यात एक भर घालतो, उद्यम नोंदणी पुरवठ्याच्या आधीची पाहिजे. आधी माल दिला आणि नंतर नोंदणी केली तर जुन्या बिलांना या कायद्याचा आधार धरता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मधे सिल्पी इंडस्ट्रीजच्या निकालात सांगितलं होतं. त्यावर पुढं पुन्हा वाद झालाय, पण आपण कशाला त्या वादात अडकायचं.

सोलापूरची_शिलाई

सगळ्यांचे खूप आभार. मोबाईल नंबर खरंच कॅफेवाल्याचाच निघाला, पण ईमेल माझ्या मुलीचा होता म्हणून वाचले. काल रात्री अपडेट केलं आणि आज नवीन सर्टिफिकेट आलं, मेजर ॲक्टिव्हिटी मॅन्युफॅक्चरिंग. प्रिंट काढून मशीनच्या वर भिंतीला लावलीय, बायका वाचून गेल्या.

आता अजून एक विचारते. नवीन बिड आलंय, ४,००० एप्रनच. पण त्यात तीन वर्षांचा अनुभव आणि टर्नओव्हर मागितलाय आणि आमचा टर्नओव्हर तेवढा नाही. आणि समजा कुणी मोठ्या कंपनीने आमच्यापेक्षा कमी रेट टाकला तर तो १५ टक्क्यांचा नियम म्हणतात तो कसा चालतो?

निवृत्त_स्टोअर्सवाला

ताई, बिडच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर एक ओळ असते, अनुभव आणि टर्नओव्हरमधून एमएसईला सूट आहे का, आणि समोर येस किंवा नो. येस असेल तर निर्धास्त भरा. नो असेल तर बिड बंद व्हायच्या आधी पोर्टलवरूनच खरेदीदाराला लेखी विचारा, की एप्रन ही साधी वस्तू आहे, गुणवत्ता आणि स्पेसिफिकेशन आम्ही पूर्ण करतो, सूट द्यावी. देणं न देणं त्यांच्या हातात असतं, पण मी खुर्चीवर असताना असं नीट लिहिलेलं पत्र आलं की फाईलवर उत्तर लिहावंच लागायचं, आणि दोन-तीनदा आम्ही अट बदललीसुद्धा. तोंडी विचारणाऱ्याची नोंद कुठंच राहत नाही.

आता १५ टक्के. समजा सगळ्यात कमी रेट ४१० रुपये आला आणि तो मोठ्या कंपनीचा आहे. त्यावर १५ टक्के म्हणजे ४७१ रुपये ५० पैसे. तुमचा रेट ४५५ असेल तर तुम्ही पट्ट्यात बसलात. मग खरेदीदार तुम्हाला विचारणार, ४१० ला देता का? हो म्हणालात तर एकूण मालाच्या २५ टक्के, म्हणजे १,००० एप्रन तुमचे. पट्ट्यात आणखी एमएसई असतील तर हा हिस्सा त्यांच्यात वाटला जातो. माल तोडून देता येण्यासारखा नसेल तर पूर्ण ऑर्डर पण एमएसईला देता येते, पण एप्रन तोडता येतात. आणि सगळ्यात कमी रेटवाला स्वतःच एमएसई असेल तर हा नियम येतच नाही, कपड्यांच्या बिडमधे ते बरेचदा होतं.

म्हणून आजच कापड, शिलाई, इस्त्री, पॅकिंग, सोलापूरहून पाठवायचं भाडं असं सगळं एका एप्रनवर मांडून ठेवा आणि ज्या आकड्याखाली तुमच्या बायकांची मजुरी कापावी लागेल तो आकडा लाल पेनाने लिहा. विचारणा आली की त्याच्या खाली हो म्हणू नका.

भोसरी_जॉबवर्क

आणि ताई, जेमच्या प्रोफाईलमधे जुनं उद्यमच सेव्ह असेल. तिथं जाऊन पुन्हा व्हेरिफाय करा, मेजर ॲक्टिव्हिटी बदललेली दिसते का बघा आणि मगच बिडला हात लावा. बिड भरताना एमएसईचा क्लेम टिक करायचा राहून गेला तर सर्टिफिकेट असून उपयोग नाही, माझ्या शेजारच्या गाळ्यातल्याचं तसंच झालं होतं. महिला उद्योजक म्हणून नोंद पण तपासा, प्रोप्रायटर तुम्ही आहात की मिस्टर?

सोलापूरची_शिलाई

प्रोप्रायटर मीच आहे, सगळं माझ्या नावावर. प्रोफाईल आत्ता उघडलं, जुनंच दिसतंय. व्हेरिफाय करते आणि ती येस-नोची ओळ बघून रात्री परत लिहिते. उद्या सकाळी बँकेत मॅनेजर साहेबांना भेटायला जातेय गॅरंटीसाठी.