मदत हवी आहे: बी-बॉटसाठी हाताला कळणारी चटई
नमस्कार मंडळी. माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी पूर्ण अंध आहे, बाकी मुलं डोळस. शाळेत बी-बॉट, म्हणजे मधमाशीच्या आकाराचा छोटा खेळण्यातला रोबो, आलाय. बाणांची बटणं क्रमाने दाबून 'गो' दाबलं की तो एका पावलाला १५ सेंमी सरकतो, जागच्या जागी काटकोनात वळतो. बटणं उठावाची, त्यामुळे आज्ञा ती स्वतः देते. पावलं मोजण्यात तर इतरांपेक्षा पक्की!

अडतंय ते तो ज्यावर चालतो त्या चौकोनांच्या चटईपाशी. छापील चौकोन तिला कळत नाहीत. रेघांवर सुतळी चिकटवली तर चाकं अडखळून तो तिरका जातो. रेघांऐवजी फक्त चौकोनांच्या कोपऱ्यांवर उंच ठिपके दिले तर? चाकं मधून निघून जातील असं वाटतं. कुणी केलंय का? ठिपके कशाचे?

दुसरं, तो चालू असताना कुठवर पोचला हे तिला कसं कळावं? डोळस मुलांनी ओरडून सांगायचं, हे मला नको. मग ती नुसती ऐकणारी उरते.

आणि तारांनी पॉड (हाताळायचे छोटे डबे) जोडून गाणी-गोष्टी रचायचा 'कोड जंपर' हा अंध मुलांनाही कोडिंग शिकवणारा संच मराठी वर्गात कुणी वापरला असेल, तर अनुभव जरूर लिहा.