'निदान', 'स्वमग्न' आणि 'गुणी': अर्थ आणि वापर

दाभोळखाडी:

नमस्कार. दोन शब्दांबद्दल विचारायचंय. का विचारतेय तेही आधीच सांगते, नाहीतर उत्तरं नुसती कोशातली येतील.

मी ४३ वर्षांची, दापोली तालुक्यातली, पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. गेल्या वर्षी माझ्या सहा वर्षांच्या भाच्याला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचं निदान झालं. तपासणीला बहिणीबरोबर मीही गेले होते. कपड्याचं लेबल टोचतं म्हणून रडतो का? ताटात भाजीचा रस भाताला लागला तर जेवण सोडतो का? एकाच विषयावर बोलत राहतो का? बहीण त्याच्याबद्दल उत्तरं देत होती आणि मी मनातल्या मनात माझ्याबद्दल. मी अजूनही नव्या ब्लाउजचं लेबल उसवल्याशिवाय तो घालत नाही. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ बघायचं ते मोजते, तीन अंक मोजून नजर काढून घेते. हे सगळेच करतात असं मला परवापरवापर्यंत वाटत होतं.

पहिला प्रश्न 'स्वमग्न'बद्दल. शब्द ऐकला की स्वतःत बुडालेला माणूस डोळ्यांपुढे येतो. माझा अनुभव बरोबर उलटा आहे. बाहेरचं सगळं एकदम आत येतं. मासळीबाजारात बर्फाचा, सुऱ्यांचा, भाव करण्याचा असे सगळे आवाज सारख्याच जोराने येतात आणि मला पापलेटचा भाव ऐकू येत नाही. मग हा शब्द बरोबर आहे का?

दुसरा, 'निदान'. "माझं निदान झालं", "मला निदान मिळालं" असं हल्ली वाचते. मराठीत हे बसतं का?

निवृत्त शिक्षक, रत्नागिरी:

ताई, तुमची शंका रास्त आहे. संस्कृतात 'मस्ज्' म्हणजे बुडणे, त्यावरून 'मग्न'. 'निमज्जन' त्याच धातूचं. तेव्हा स्वमग्न म्हणजे अक्षरशः स्वतःत बुडालेला. हिंदीत 'स्वलीनता' म्हणतात, तिथेही विरून जाण्याचीच कल्पना आहे.

पण दोष मराठीचा नाही. मूळ 'ऑटिझम' हा शब्द ग्रीक 'ऑटोस', म्हणजे 'स्वतः', यावरून घेतला. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११च्या सुमारास तो स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी वापरला, जगाकडे पाठ फिरवून आत जाणाऱ्यांसाठी. पुढे १९४३ साली लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करताना तोच उचलला. शब्द एका आजारासाठी घडला आणि दुसऱ्याच गोष्टीला चिकटला. मराठीने भाषांतर इमानाने केलं, त्यामुळे मूळची चूकही सोबत आली.

आता 'निदान'. याचा जुना अर्थ बांधायची दोरी. 'दा' म्हणजे बांधणे. आपल्या गोठ्यातलं 'दावं' त्याच कुळातलं. दोरी धरून मागे गेलं की खुंट सापडतो, म्हणून 'मूळ कारण' हा अर्थ. आयुर्वेदाच्या निदानपंचकात निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती अशी पाच अंगं आहेत, आणि त्यातलं निदान म्हणजे फक्त कारण. आज आपण 'रोग कोणता ते ठरवणे' एवढ्या अर्थाने वापरतो.

वापराचं म्हणाल तर निदान आजाराचं होतं, माणसाचं नाही. "माझं निदान झालं" कानाला खटकतं. "मला अमुक असल्याचं निदान झालं" किंवा "डॉक्टरांनी निदान केलं" हे सरळ. निदान 'मिळत' तर अजिबात नाही, ती काय पावती आहे?

दाभोळखाडी:

गुरुजी, पावतीबद्दल थोडं बोलते. मी आधी जवळच्याच एका डॉक्टरांकडे गेले होते. ते म्हणाले, "लग्न झालंय, नोकरी करता, माझ्याशी नीट बोलताय. तुम्हाला कसलं स्वमग्न? थायरॉइड तपासून घ्या." तपासलं, नॉर्मल आलं. त्या दिवशी मी बाहेर बाकावर बसून खरंच म्हटलं होतं, कुणीतरी लिहून तरी द्या. जिला हवं असून कुणी देत नाही तिच्या तोंडी "मिळालं" येतं. व्याकरणाने चूक असेल, पण ते का येतं ते मला कळतं.

आणि 'निदान'चा दुसरा अर्थ तुम्ही सोडलात. "निदान सांगून तरी जायचं." "निदान फोन तरी करायचा." निदान म्हणजे किमान, एवढं तरी. या वयात मला त्याहून जास्त नको आहे. औषध नको, सवलत नको. निदान कळू दे.

देवबाग:

आमच्याकडे मालवणीत असल्या माणसाक 'घुमो' म्हणतत. कोणी जास्तच वेगळो वागलो तर "ह्येका रत्नागिरीक धाडूक व्हया". राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे, म्हणून गावाचं नावच शिवी झालं. गुरुजी, राग मानू नका.

माझे काका, वडिलांचे धाकटे भाऊ, खाडीत शिरणारी होडी न बघता इंजिनाच्या आवाजावरून कुणाची ते सांगायचे. लग्नकार्यात मात्र मांडवाच्या मागे, भांडी घासतात तिथे जाऊन बसायचे. त्यांना कुणी स्वमग्न म्हटलं नाही. 'नादिष्ट' म्हणायचे. मला वाटतं 'नाद', 'नादिष्ट', 'छांदिष्ट' हे शब्द या चर्चेत यायला हवेत. त्यांत आजार नाही, आणि आत बुडणंही नाही. बाहेरच्या एका गोष्टीला घट्ट धरणं आहे.

चिपळूण (विशेष शिक्षिका):

शब्द बदलायची घाई नको, कारण कागदावर तोच आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांत स्वमग्नता आहे आणि प्रमाणपत्रासाठी ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. पण ताई, प्रमाणपत्र वेगळं आणि निदान वेगळं. तुम्हाला दुसरंच हवंय. त्यासाठी मोठ्यांचं काम करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही. सगळं बोलण्यावर, निरीक्षणावर आणि लहानपणावर. मोबाइलवरच्या ५० प्रश्नांच्या चाचणीवर थांबू नका, ती फक्त दिशा दाखवते. सोबत चिंता किंवा नैराश्य असेल तर तेही पाहतात. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर, मराठीत बोलतात.

एक नक्की. मानसिक निदानासाठी वापरतात त्या २०१३च्या डीएसएम-५ या निकषांत लक्षणं लहानपणापासून असावी लागतात. ती तेव्हा दिसलीच पाहिजेत असं नाही. शिकलेल्या युक्त्यांनी झाकलेलीही असू शकतात. तुमचे तीन अंक ही तशीच एक युक्ती. त्यामुळे लहानपणचं कुणीतरी सांगावं लागतं, शक्यतो आईने. आणि खरी शब्दचर्चा तिथे सुरू होते.

दाभोळखाडी:

तेच झालं. पुण्याला तज्ज्ञ बाईंशी एक भेट झाली. दुसऱ्या भेटीला आईला आणा म्हणाल्या. मी आधी घरीच आईला विचारून वहीत लिहायला बसले.

आई म्हणाली, "तुझा कसलाच त्रास नव्हता. गुणी होतीस."

मी विचारलं, गुणी म्हणजे?

"एका जागी बसायचीस. कुणात मिसळायची नाहीस, भांडण नाही, मागणं नाही. शिमग्यात पालखी अंगणात आली, ढोल वाजला की माजघरात कणगीमागे जाऊन कान दाबून बसायचीस. सगळी पोरं पालखीबरोबर नाचायची. आजी म्हणायची, देवाला घाबरते, गुणी आहे."

मी विचारलं, आणि भरतीचं? "हो, पाहुणा दारात आला की त्याला पाणी द्यायच्या आधी भरतीची वेळ सांगायचीस. पंचांग पाठ तुझं."

ते खरं आहे. आजोबांनी शिकवलं होतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मी सात वर्षांची असताना दिवसाला वीस वेळा हा हिशेब करायची, उधाण (मोठी भरती) आणि भांगाच्या (लहान भरतीच्या) तारखा भिंतीवर कोळशाने लिहायची. देवबाग, तुमच्या काकांसारखाच नाद. फरक एवढाच की त्यांना नादिष्ट म्हटलं आणि मला गुणी. माझा मामेभाऊ असाच गप्प होता, त्याला घुम्या म्हणायचे आणि त्याची काळजी करायचे. माझी कुणी केली नाही. गप्प मुलगा घुम्या आणि गप्प मुलगी गुणी, या एका शब्दापायी माझी चाळीस वर्षं गेली असं मला वाटतं. आईवर राग नाही. तिच्याकडे तोच शब्द होता, आणि तो तिने कौतुकाने वापरला.

निवृत्त शिक्षक, रत्नागिरी:

ताई, मी ३१ वर्षं वर्गात होतो. प्रगतिपुस्तकाच्या शेऱ्यात "शांत व गुणी" किती मुलींना लिहिलं असेल, आज आठवतोय. 'निदान मिळालं' यावरचा माझा शेरा मागे घेतो.

आणखी एक सुचतं. कागदावर निदान राहू दे. पण तुमच्यापुरतं 'उलगडा' वापरून पाहा. "मला माझा उलगडा झाला" हे शुद्ध मराठी आहे आणि त्यात आजार येत नाही. घडी उलगडली तरी कापड तेच राहतं.

दाभोळखाडी:

उलगडा आवडला. पण तो झाल्यावर वापरेन, अजून व्हायचाय. नाही म्हणाल्या तर तेही ऐकायची तयारी आहे.

सोमवारी पहाटेच्या गाडीने आईला घेऊन जातेय. वहीत तिची वाक्यं तिच्याच शब्दांत उतरवली आहेत. 'गुणी' पाच वेळा आलंय. प्रत्येकाच्या पुढे कंसात मी तेव्हा नेमकं काय करत होते ते लिहिलंय. कणगीमागे. भिंतीवर आकडे. ताटात भात वेगळा.