क्रूझवर व्हीलचेअरवरून स्विमिंग पूलमध्ये खरंच उतरता येतं का?

ठाण्याची_ताई
नमस्कार, आम्ही घोडबंदर रोडला राहतो. माझ्या दादाला चार वर्षांपूर्वी बाईकवरून पडून मणक्याला मार लागला, डी-१० लेव्हल म्हणजे पाठीचा दहावा मणका, पायात अजिबात संवेदना नाही पण हात मजबूत आहेत, बेडवरून खुर्चीत स्वतःचा स्वतः जातो. शाळेपासून तलावपाळीला पोहायला जायचा, अॅक्सिडेंटनंतर एकदाही पाण्यात उतरला नाही. आता डिसेंबरमध्ये सिंगापूरहून क्रूझ करायचं चाललंय, एजंट म्हणतो सगळं व्हीलचेअर फ्रेंडली आहे ताई, टेन्शन घेऊ नका. मागच्या वर्षी एका रिसॉर्टवाल्याने पण अगदी हेच सांगितलेलं. तिथे पूलच्या काठापर्यंत छान रॅम्प होता आणि पाण्यात उतरायला उभी स्टीलची शिडी. दादा काठाला ब्रेक लावून दोन तास बसून होता, मुलांचे टॉवेल मांडीवर घेऊन. ते परत नाही बघवणार मला. कुणी प्रत्यक्ष गेलंय का?

नेरुळकर
ताई, आम्ही गेलोय सिंगापूरहूनच, मिसेसना लहानपणापासून पोलिओ आहे. "फ्रेंडली" शब्दावर जाऊ नका, सरळ विचारा की पूल लिफ्ट आहे का आणि कुठल्या पूलला. आमच्या जहाजावर एकाच पूलला होती. काठावर खांब असतो, त्याला सीट, आपण खुर्चीतून त्या सीटवर सरकायचं, पट्टा लावायचा, मग ती पाण्यावर फिरते आणि हळूहळू खाली जाते. बॅटरीवर चालते. पहिल्या दिवशी आम्ही कपडे बदलून तयार आणि लिफ्टवर कव्हर, बॅटरी चार्जिंगला, पाऊण तास थांबलो. दुसऱ्या दिवशी समुद्र खवळलेला म्हणून पूलवर जाळी टाकली. तिसऱ्या दिवशी उतरल्या एकदाच्या, आणि बाहेर यायलाच तयार नव्हत्या! त्यामुळे शेवटच्या दिवसावर ठेवू नका, आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा. स्टाफ लिफ्ट चालवतो पण माणसाला उचलत नाही, सरकायला मदत घरच्यांनीच करायची. दादा स्वतः सरकतात म्हणजे अर्धं काम झालं. आणि केबिन अॅक्सेसिबलच घ्या, साध्या केबिनच्या दारातून खुर्ची जात नाही, तशा केबिन मोजक्याच असतात, डिसेंबरच्या आत्ताच धरा.

खारघर_फिजिओ
लिफ्टचं वर आलंच आहे, मी शरीराचं सांगते. जाकुझीत बसवू नका प्लीज, पाणी गरम असतं आणि त्यांना चटका कळणार नाही. भर उन्हात तापलेल्या सीटचंही तेच, आधी आपला हात लावून बघायचा. टाचा आणि बोटं तळाच्या टाइल्सवर घासून सोलतात, दुखत नाही म्हणून कळत नाही आणि मग जखम महिनाभर भरत नाही, तेव्हा पायात घट्ट वॉटर शूज हवेतच. बाहेर आल्यावर टाचा, माकडहाड, मांडीची मागची बाजू नीट बघा, ओल्या चड्डीत खुर्चीवर बसून राहू देऊ नका, कुशन कोरडं ठेवा. पोट आणि लघवीचं वेळापत्रक आधी सांभाळा. आणि एक, ते चांगले पोहणारे होते म्हणून मुद्दाम सांगते, आता पाय पूर्वीसारखे वागणार नाहीत, तरंगून वर येतील नाहीतर आखडतील, तोल जाईल. पहिल्यांदा जहाजावर नको, इथे कुठेतरी कंबरभर पाण्यात दोघांच्या आधाराने चार-पाच वेळा करून घ्या.

वाशी_१७
अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये निकाल दिला की त्यांच्या बंदरांत येणाऱ्या परदेशी झेंड्याच्या क्रूझनाही अपंगांसाठीचा कायदा लागू होतो, मात्र सुरक्षिततेला धक्का लागेल असे बदल करायची सक्ती नाही. तिथल्या जमिनीवरच्या पूलच्या नियमात लिफ्टने किमान १३६ किलो पेललं पाहिजे आणि सीट पाण्याखाली निदान ४५ सेंटिमीटर गेली पाहिजे. तुमचं जहाज सिंगापूरहून सुटणारं आहे, पण हेच आकडे विचारायला काय हरकत आहे. उत्तर मेलवरच घ्या, एजंटच्या तोंडी नको.

ठाण्याची_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. मेल केला आत्ताच, कुठला पूल, वजन किती, आदल्या दिवशी कुणाला सांगायचं, सगळं विचारलंय. सोसायटीच्या सेक्रेटरींशी पण बोलले, सकाळी अकरानंतर पूल रिकामा असतो, शेजारचे दोन काका धरायला येतो म्हणालेत. दादाला हे सगळं वाचायला दिलं, काहीच बोलला नाही, पण रात्री आईला विचारत होता माझा जुना गॉगल कुठल्या डब्यात आहे. फिजिओ ताई, वॉटर शूज एक नंबर मोठे घ्यायचे का नेहमीचेच? त्याचे पाय संध्याकाळी सुजतात.