भर पावसात किनाऱ्यावर काय दिसतं?

‘पावसाळ्यात किनाऱ्यावर काही नसतं, नोव्हेंबरातच जा’ हे कुरव-तुतवार या किनारी पक्ष्यांपुरतं बरोबर; ते हिवाळी पाहुणे. पण जून ते ऑगस्टमध्ये दोन-तीन दिवस जोराचा वारा सुटला की सुरयांच्या काही जाती, बूबी असे भर समुद्रातले पक्षी कोकण किनाऱ्यावर ढकलले जातात. एरवी त्यांच्यासाठी बोट काढून खोल समुद्रात जावं लागतं. आंजर्ल्याला पाहिलेला बूबी भरतीच्या कचऱ्यातच बसला होता, पंख अर्धवट उघडे, चोचीला वाळू. लोक अशांना उचलून लाटांत सोडतात (हेतू चांगला असतो!), पण तो दमलेला पक्षी बुडतो. हवेशीर खोक्यात, अंधारात ठेवून वनखात्याला कळवा. फोटो लांबूनच.

आणि एसी गाडीतून उतरताच कॅमेरा काढू नका, लेन्सवर वाफ धरते.