एमएससाठी रिटुक्सिमॅब पहिल्या दिवसापासून का नको?

वेदवती:
माझ्या बहिणीला २०१९ मध्ये एमएसचं (मल्टिपल स्क्लेरोसिस, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करते) निदान झालं. आठवड्याला इंटरफेरॉन या एमएसच्या जुन्या औषधाचं एक इंजेक्शन. टोचलं की रात्रभर थंडीताप. फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी इंजेक्शनांचा खोका, आणि महिनाअखेर आली की बाबांच्या तोंडी कुठली एफडी मोडायची हाच विषय. एवढं करून दीड वर्षात आजाराचे दोन अटॅक (लक्षणं अचानक उफाळणं) आलेच. मग डॉक्टरांनी रिटुक्सिमॅब दिलं, प्रतिकारशक्तीतल्या बी पेशी कमी करणारं औषध. सहा महिन्यांतून एकदा सलाइन, भारतातच बनणारं बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच, दुसऱ्या कंपनीचं), खर्च आधीपेक्षा कितीतरी कमी. तेव्हापासून एकही अटॅक नाही. स्वीडनमधल्या चाचणीत (२०२२) दोन वर्षांत रिटुक्सिमॅबवर ३ टक्के रुग्णांना अटॅक आला, डायमिथाइल फ्युमरेट या एमएसच्या तोंडी घ्यायच्या औषधावर १६ टक्के. ती दीड वर्षं आमची फुकट का गेली?

संजीव_के:
ताई, बहिणीला गुण आला याचा आनंद आहे, पण सरसकट नियम करू नका. हिपॅटायटिस बी दडलेला असेल तर या औषधाने उसळतो. वर्षानुवर्षं घेतलं की इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातली प्रतिपिंडं) घटतं, जंतुसंसर्ग वाढतात. आणि स्वस्त कुणाला? एमएससाठी रीतसर मंजुरी नाही म्हणून विमा कंपनीने माझ्या वहिनीचा क्लेम नाकारला. सगळा खर्च आमच्या खिशातून.

ओंकार, लंडन:
इथे २००२ मध्ये नाइसने (सरकारी आरोग्यसेवेत कुठली औषधं द्यायची हे ठरवणारी संस्था) इंटरफेरॉन आणि ग्लाटिरामर हे एमएसचं दुसरं इंजेक्शन, दोन्ही नाकारली होती. किमतीच्या मानाने गुण कमी, हे कारण. रुग्ण खवळले. मग सरकारने कंपन्यांशी करार केला: औषध द्यायचं, रुग्णांवर दहा वर्षं लक्ष ठेवायचं, ठरल्याएवढा गुण आला नाही तर किंमत उतरवायची. मला हा मार्ग पटतो. औषधाचा हिशोब महिन्याच्या बिलावर नको, माणूस किती वर्षं काठीशिवाय चालला यावर हवा.

वेदवती:
संजीवदादा, मंजुरी नाही ती औषध कुचकामी म्हणून नव्हे. २००८ मध्येच १०४ रुग्णांच्या चाचणीत उत्तम निकाल आला होता. पुढे रोश या औषध कंपनीने मोठ्या चाचण्या ओक्रेलिझुमॅब या तिच्या नव्या, महाग औषधाच्या केल्या आणि २०१७ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळवली. दोन्ही औषधं बी पेशींवरच काम करतात.

संजीव_के:
काम सारखं, पुरावा सारखा नाही. प्रायमरी प्रोग्रेसिव्ह प्रकारात (आजार सुरुवातीपासून हळूहळू वाढतच जातो) रिटुक्सिमॅबची मोठी चाचणी फसली, ओक्रेलिझुमॅबची यशस्वी झाली. वहिनीचा आजार रिलॅप्सिंग (अटॅक येऊन पुन्हा ओसरणारा) आहे, म्हणून आम्ही स्वस्तावर थांबलो. नाहीतर घर गहाण टाकून महागडं घेतलं असतं.

वेदवती:
प्रोग्रेसिव्हबद्दल मान्य, तिथे माझा आग्रह नाही. पण वहिनींचा क्लेम सोडू नका. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमएससाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत क्लॅड्रिबिन, ग्लाटिरामर आणि रिटुक्सिमॅब घातलं आहे. ते पान जोडा आणि विमा लोकपालाकडे तक्रार करा. त्याआधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते, आणि तिने ती फेटाळल्याचं पत्र आल्यापासून वर्षभराची मुदत असते. तुमचं नकाराचं पत्र कधीचं आहे?